आतोबांचा चौथा कंट्रोलर

जगात ज्या वस्तूला वायर आहे तिच्यावर आमच्या आतोबांचा काडीचा विश्वास नाही, आणि जिला वायर नाही तिच्यावर तर मुळीच नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, मुक्काम मुलुंड. पस्तीस वर्षं विजेचे मीटर तपासण्यात गेली, त्यामुळे निवृत्तीनंतरही हा माणूस समोर दिसेल ते तपासतच असतो. बल्ब घ्यायचा तर दुकानातच पंधरा मिनिटं पेटवून बघणार. लिफ्ट आली की आधी ती रिकामीच वर पाठवणार, सुखरूप परत आली की मग स्वतः आत शिरणार. माझ्या लग्नात तर मंगलाष्टकं ऐन रंगात आलेली असताना हे मांडवामागे जाऊन मेन स्विच ओढून आले. पंखे बंद, माइक बंद, भटजी घामाघूम. सासरे माझ्याकडे बघतायत, मी आतोबांकडे. "अर्थिंग नाहीये," ते शांतपणे म्हणाले, "तू लग्न कर रे, मी हे बघतो." उरलेलं लग्न मी घामाने थबथबून केलं.

अशा माणसाने दोन वर्षांपूर्वी शाळेची एक जुनी मिनीबस विकत घेतली, तेव्हा आम्हाला वाटलं, झालं, चळले! पण त्याला कारण होतं. आत्याला झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे. रोज तोंडावर मशीन लावून झोपावं लागतं, आणि मशीनला लागते वीज. तिची थोरली बहीण, म्हणजे माझी थोरली आत्या, देवगडजवळच्या एका गावात राहते, आणि तिथे जरा वारा सुटला की लाइट गेलीच म्हणून समजा. त्यात थोरलीचे डोळे काचबिंदूने चाललेले. "तिला मी दिसतेय तोवर एकदा नेऊन आणा हो," एवढंच आत्याचं मागणं. गावच्या घरात इन्व्हर्टर बसवू म्हटलं, तर आतोबा म्हणाले, "आणि तो तपासणार कोण, तू?" म्हणून ही बस. आत झोपायला पलंग, टपावर सोलर पॅनेल, पलंगाखाली बॅटरी. महिन्याभरात सगळं झकास तयार झालं. राहिला फक्त चार्ज कंट्रोलर, म्हणजे पॅनेलमधली वीज बेताबेताने बॅटरीत सोडणारा एक छोटासा डबा. त्या डब्यापायी दोन वर्षं गेली.

कंट्रोलर दोन जातीचे असतात, हे आता मला गाढ झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगता येईल. कारण दर रविवारी मला घाटकोपरहून साक्षीदार म्हणून बोलावणं यायचं आणि आमची वरात कुर्ल्याच्या एका दुकानात जाऊन धडकायची. "हे बघ," आतोबा वाटेत समजावत, "पॅनेल देतंय अठरा व्होल्ट, बॅटरीला हवेत चौदा. स्वस्तातला पीडब्ल्यूएम वरचे चार सरळ वाया घालवतो. एमपीपीटी त्या चाराचंही काहीतरी करतो. तुझी आत्या उरलेल्या भाताचं करते ना, तसं." मी म्हणायचो, "मग एमपीपीटी घ्या आणि मोकळे व्हा ना!" की लगेच भडकायचे. "डब्यावर लिहिलं म्हणून तो एमपीपीटी झाला होय रे?" आणि खरंच, पहिला डबा घरी नेऊन उघडला तर आत पीडब्ल्यूएम निघाला. तेव्हाचा त्यांचा आनंद काय सांगू! पोरगा बोर्डात आला असता तरी इतके खूश झाले नसते. दुसरा हाताला गरम लागला म्हणून परत. तिसऱ्याचा आकडा यांच्या खिशातल्या मीटरशी किंचित जुळेना म्हणून परत. शेवटी दुकानदार हात जोडून म्हणाला, "अंकल, आप दुकान ही ले लो, मैं घर जाता हूँ." आतोबा मान वर करून त्याच्या दुकानाचं वायरिंग बघायला लागले.

चौथा कंट्रोलर मात्र अस्सल होता. थंड, गुणी, आकडाही जुळणारा. तरी संध्याकाळपर्यंत बॅटरी काही अर्ध्याच्या वर भरेना. आठ दिवस सोसायटीच्या मागच्या बाजूला उभ्या असलेल्या बसमध्ये मुक्काम ठोकून आतोबांनी निकाल दिला, "नापास." आत्याने त्या दिवशी भांडी अशी आपटली की खालच्या मजल्यावरून विचारणा आली. ती बसकडे फिरकतही नसे. "सुटेल त्या दिवशी चढेन," म्हणायची.

मे महिन्यातला रविवार. मी आणि आतोबा बसपाशी उभे होतो. आत्या सांडग्यांचं ताट घेऊन गेटकडे निघाली होती. मी आपलं सहज म्हटलं, "आत्या, लांब कशाला जातेस, इथेच बसच्या टपावर ठेव की!"

"इथे?" आत्या थांबली. "इथे कुठे ऊन आहे? शेजारी तो टॉवर उभा राहिला तेव्हापासून साडेअकरा ते एक, एवढंच काय ते. परवा सांडगे तीन दिवस ओले राहिले माझे." मग तिने टपाकडे बघितलं, टॉवरकडे बघितलं आणि ताट खाली ठेवलं. "अहो! माझा सांडगा वाळत नाही तिथे तुमची बॅटरी काय भरणार, कपाळ?"

मी हसून हसून खाली बसलो. आतोबा त्या बावीस मजल्यांकडे बघत राहिले. बस गेटपाशी आणली, तर तीनच्या आत बॅटरी काठोकाठ. पुढच्या शनिवारी आम्ही निघालो. गाडी मी चालवली, कारण आतोबांकडे परवाना आहे पण स्वतःवर विश्वास नाही.

गावाला पोचलो तेव्हा थोरली ओट्यावर वाट बघत बसली होती. आत्या तिच्या अगदी पुढ्यात उभी राहिली, तरी ती रस्त्याकडेच तोंड करून होती. मग आत्याने हाक मारली. थोरलीने हात पुढे केले, तिचे गाल चाचपले, दंड चाचपले आणि ओरडली, "इलंस? किती जाडी झालंस गो!" दोघी हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या.

सकाळी आतोबा बसच्या पायरीवर बसले होते, डोळे तांबारलेले. मशीन रात्रभर चाललं होतं आणि हे रात्रभर त्याच्यापाशी जागे. मी चहा दिला. म्हटलं, "आतोबा, एवढे हुशार तुम्ही, आणि टॉवर दिसला नाही?"

"दिसत होता रे," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून दिसत होता. मला सावली कळणार नाही?"

"मग?"

"इथे जवळपास डॉक्टर नाही. मशीन बंद पडलं आणि माझा डोळा लागलेला असला तर? भीती वाटायची. म्हणून कंट्रोलर शोधत बसलो." घरात दोघी बहिणी एकाच वेळी मोठमोठ्याने बोलत होत्या. आतोबांनी कप पायरीवर ठेवला. "दोन वर्षांपूर्वी तिला दिसत होतं रे," ते म्हणाले.

चार दिवसांनी रजा संपली म्हणून मी एसटीने परत आलो. पाऊस तोंडावर आला तरी ती दोघं तिथेच. मी फोन करून विचारायचो, आणायला येऊ का? तर आतोबाच म्हणायचे, "राहू दे रे अजून आठ दिवस."