चेंडू आधी आत गेला होता

महबूब गेल्याची बातमी घेऊन आलेला माणूस हसत होता. "तालुकदाराला तेलात पाडणारे महबूबचाचा गेले," असे त्याने तुळजापुरात माझ्या ओसरीवर सांगितले, आणि मीही हसेन म्हणून क्षणभर थांबला. पुढे शोकसभेतही वक्त्यांनी तोच किस्सा रंगवला. महबूबने म्हणे मुद्दाम तेल ओतून साहेबाची फजिती केली. खोटे आहे. सभेत मला बोलू दिले नाही, म्हणून हे लिहितो.

निजामाच्या अमलात अव्वल तालुकदारांनी, म्हणजे आजच्या भाषेत कलेक्टरांनी, आमच्या गायरानाला तारेचे कुंपण घालून गोल्फचे मैदान केले. गावाची गुरे तारेबाहेर राहिली. त्या मुरमाड माळावर हिरवळ कुठली? जिथे चेंडू खळग्यात घालायचा, तिथे वाळूचा गोल करीत आणि ती उडू नये म्हणून तेलात कालवून फळीने सपाट करीत. ती फळी माझ्याकडे होती. महबूब साहेबांच्या काठ्या वाहायचा, आणि साहेब नसले की त्याच काठ्यांनी खेळायचा. त्याला आता 'विनम्र सेवक' म्हणतात. विनम्र कसला... साहेबांचा फटका चुकला की हा तोंडावर हळहळायचा. एकदा पाहुण्यांदेखत म्हणाला, मी तुम्हाला हरवीन. साहेबांना गंमत वाटली. जिंकलास तर कुंपण काढतो, हरलास तर गावासमोर नाक घासायचे, असे ठरले.

त्या दिवशी अख्खा गाव तारेला लागून उभा होता. मैदानावरच्या मुकादमाने साहेबांचा मान म्हणून वाळूत दुप्पट तेल ओतवले. महबूबचा त्यात हात नव्हता. शेवटच्या खळग्यापर्यंत दोघे बरोबरीत आले. साहेबांचा चेंडू काठावरून पुढे गेला. महबूबचा काठाशी रेंगाळला... आणि आत पडला. माझ्या पायांपाशी पडला. साहेबांना खरे वाटेना. ते पाहायला धावले, घसरले आणि पांढऱ्या विजारीसकट वाळूत लोळले. उठायला गेले, पुन्हा पडले. हात द्यायला गेलेला मुकादम त्यांच्या अंगावर पडला. गाव पोट धरून हसू लागला.

महबूब एकटा म्हणत राहिला, "हसू नका रे. आधी चेंडू बघा."

कुणीही पाहिला नाही. साहेब हुशार, तेलकट तोंडाने तेही हसू लागले. हा तर तमाशाच झाला, म्हणाले, यात कसली हारजीत. कुंपण राहिले. पुढे अमल बदलला, साहेब गेले, माळावर कचेऱ्या उभ्या राहिल्या. गुरे काही परतली नाहीत. गावाने गायरान देऊन एक विनोद घेतला आणि तो आजवर जपला आहे.

लग्नाकार्यात कुणी तो किस्सा काढला की महबूब माझ्याकडे वळायचा. "नाना, तू फळी धरून हुतास. सांग की यांना." मी सांगायचो. मंडळी अधिकच हसायची. मग तो भरल्या ताटावरून उठायचा.

परवा त्याच्या घरी गेलो. अंगणात त्याने पुरलेला पत्र्याचा डबा अजून आहे. रोज संध्याकाळी तो बाभळीच्या काठीने चेंडू त्यात घालायचा आणि तेवढ्यावर न थांबता वाकून खात्री करून घ्यायचा. सून डबा सोडून भोवतीने सारवते. गुडघे दुखत असतानाही मी वाकलो.

चेंडू आत आहे.