माळकरी कुत्रं

कोयनेचा भूकंप झाला त्याच्या पुढच्या वर्षी मामंजींनी गळ्यात तुळशीची माळ घातली. नुसती स्वतःच्या घातली असती तर बरं होतं. पण त्यांचा स्वभाव असा, की त्यांना ताप आला तरी काढा सगळ्या घराने प्यायचा. सासूबाईंच्या गळ्यात माळ आली, ह्यांच्या आली, मग माझ्या. मटणाची पातेली माळ्यावर पालथी पडली. बोंबलाची पिशवी मामंजींनी स्वतः चिमटीत धरून, तोंड फिरवून, मागच्या घरी शेजारणीला देऊन टाकली.

राहिलं कुत्रं. ते माझ्या माहेरचं, मार्गासनीचं. भावाने पिल्लू दिलं तेव्हा मी ते डालग्यात झाकून एसटीने भोंगवलीला आणलं होतं. कंडक्टरने "कोंबडी का?" विचारलं, तर मला लाजेने बोलता येईना, नुसती मान हलवली. सासरी बोंबलाची डोकी आणि हाडकं खाऊन ते असं वाढलं, की उन्हात त्याची तांबडी पाठ तेल लावल्यासारखी दिसे.

"त्यालाबी आजपासून ताक-भाकरी," मामंजी म्हणाले.

सासूबाई म्हणाल्या, "अवो, ते कुत्रं हाय."

"उंबऱ्याच्या आत निजतं का न्हाई? मग घरातलंच. घरात माळ आली म्हंजे समद्यांना आली."

एकादशीला त्याच्यापुढे भगर ठेवली. त्याने हुंगली, मामंजींकडे पाहिलं आणि जाऊन चुलीमागे निजलं. मामंजी म्हणाले, "बगा, निर्जळी करतंय."

श्रावण सरेपर्यंत त्याची पाठ वाळल्या गवतासारखी झाली आणि केस गळू लागले. घोंगडीवर केस, जात्यावर केस, तुळशीपुढच्या रांगोळीतही केस. मामंजींनी करंजेल चोळलं. घरभर वास सुटला, केस आता चिकटून बसू लागले, एवढाच फरक. माझेही तेव्हा बाळंतपणानंतर मूठमूठ केस जात होते, पण मला कुणी करंजेल लावलं नाही. माझ्या केसांचा विचार फक्त भाकरीत सापडला तर व्हायचा.

गणपतीत भजनी मंडळी आमच्याकडे आली. प्रसादाच्या शिऱ्यातून एका म्हाताऱ्या टाळकऱ्याने तांबडा केस ओढून काढला आणि दिव्यापुढे धरला.

"बुवा, शिऱ्यात लोकर घालायची नवी चाल काडली का काय?"

सगळे हसले. मामंजी हसले नाहीत. मंडळी गेल्यावर त्यांनी सांगितलं, "दिवाळीचं घर सारवायच्या आत ह्याचे केस थांबले तर ठीक. न्हाई तर ट्रकवाल्याला सांगून सारोळ्याच्या पुलापल्याड सोडतो."

मला रडू आलं, पण मामंजींपुढे मी कधी बोलले नव्हते. गोठ्यात जाऊन त्याच्या पाठीवर हात फिरवला, तर हाताला आणखी केस आले.

त्यानंतर सासूबाई रोज दुपारी शेजारणीकडे तांदूळ निवडायला जाऊ लागल्या. कुत्रं त्यांच्या मागून जाई. मला वाटलं, त्यालाही माझा सहवास नकोसा झाला. एकदा बाळ फार रडायला लागलं म्हणून मी सासूबाईंना बोलवायला गेले. परसदारी गेले नि थबकले. सूप भिंतीला टेकवलेलं होतं, त्यात तांदळाचा दाणा नव्हता. सासूबाई पाटावर बसून सुकट-भाकरी खात होत्या. माळ नीट खुंटीला अडकवलेली. आणि कुत्रं बोंबलाच्या डोक्यांवर असं तुटून पडलं होतं, की त्याने मान वर केली नाही.

मी आल्या पावली परतले. बाळाला स्वतःच उगी केलं.

नवरात्रापर्यंत केस गळायचे थांबले. दसऱ्याला पाठीवर नवी लव आली, मग चमक. मामंजी त्याला मुद्दाम ओट्यावर उन्हात बसवायचे.

"सात्त्विक आहार," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. "आदी वंगाळ खाल्लेलं गळून गेलं. आता हे आतलं तेज."

"व्हय, ताकाचा गुण," सासूबाई आतून म्हणत.

गावात बोलबाला झाला. चार घरांतल्या कुत्र्यांची हाडकं बंद होऊन ताक सुरू झालं. त्या कुत्र्यांचे केस मात्र कापूस पिंजल्यासारखे उडायला लागले. लोक तक्रार घेऊन आले, तर मामंजींनी शांतपणे विचारलं, "कुत्र्याचा इस्वास हाय का देवावर? आमच्याचा हाय."

दिवाळीचं घर सारवून झालं त्या दिवशी त्यांनी कुत्र्याच्या कपाळाला बुक्का लावला. पुलापल्याडची गोष्ट पुन्हा निघाली नाही. मी चुलीपाशी बसून केस विंचरत होते. फणीत निघालेला गुंता सासूबाईंनी माझ्या हातातून घेतला, उजेडात धरून पाहिला.

"ताकानं न्हाई थांबायचे हे," त्या हळूच म्हणाल्या. "ऊठ. बाळाला घे काखंला. तांदूळ निवडायला दोगी लागत्यात."

ओट्यावरून मामंजींनी विचारलं, "एवडे कुणाचे तांदूळ निवडताय गं?"

"लई खडं हायेत अवंदा," सासूबाई म्हणाल्या.

मी माझी माळ पदराखाली झाकली. खुंटी एकच आहे की दोन, हे आठवायचा प्रयत्न करत होते. कुत्रं केव्हाच पुढे निघालं होतं.