दमणच्या पबात भाजलेली वांगी

आता विषय निघालाच आहे तर माझ्याच तोंडून ऐका. एरंडोलात अजून सांगतात की भास्करनानांनी दमणला जाऊन हॉटेल पेटवलं. साफ खोटं! मी फक्त धूर केला. आग आणि धूर यात काही फरक आहे की नाही? बरं, चूक झाली, नाही कुठे म्हणतो? पण माझ्या जागी तुम्ही असतात तर तुम्हीही तेच केलं असतं. हसू नका, आधी ऐका.

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. आमच्या मंगलाला दमणचं स्थळ आलं होतं. मुलगा गिरीश, शिकलेला, नोकरीवाला. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं. अडलं होतं ते मुलाच्या वडिलांच्या होकारावर. हे गृहस्थ मूळचे धुळ्याचे, पण तीस वर्षं जहाजावर काढलेली. सगळे त्यांना कॅप्टनसाहेब म्हणायचे. त्यांचं पत्र आलं, 'तुम्ही तिघं या. समुद्राच्या कडेने गाडीतून आरामात फिरू, दुपारी एका इंग्लिश पबात जेवू, मग काय ते ठरवू.'

त्या 'काय ते'मध्ये पोरीचा जीव अडकला होता. चार दिवस धड जेवली नाही.

आता मला सांगा, मुलीच्या बापाने मुलाकडचं फुकट जेवायचं? माझ्या वडिलांनी माझ्या बहिणीच्या सासरी नातू होईपर्यंत पाण्याचा घोट घेतला नव्हता! मी म्हटलं, जेवू आम्ही घालू. हिवाळ्याचे दिवस, मळ्यातली भरताची दहा वांगी पोत्यात भरली. भाकरी बांधून घेतल्या. आणि भरताचं वांगं भाजायचं तर कपाशीच्या वाळक्या काड्यांवर. गॅसवर भाजलेल्याला आम्ही भरीत म्हणत नाही. पण समुद्राकाठी कपाशी कुठली? म्हणून काड्यांचा एक भाराही जीपमध्ये टाकला.

बायको म्हणाली, "अहो, लगीन ठरावाले चालनात का वावरमा पार्टी कराले?"

"तू गप बस. व्याही बोटं चाटत राहील."

दमणला पोचलो. पोतं आणि भारा कॅप्टनसाहेबांच्या गाडीच्या डिकीत टाकला. त्यांनी एकदा भाऱ्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि गाडी सुरू केली.

गाडी कसली, बैलगाडी! वीसच्या वर काटा नाही. शेवटी मी हळूच विचारलं, "साहेब, इंजिनात काही बिघाड आहे का?"

"छे हो! मजा घेतोय."

कसली मजा? आपल्याकडे गाडी काढली की कुठेतरी पोचायचं असतं. बाजार, कचेरी, दवाखाना, नाहीतर कुणाची मयत. इथे पोचायचंच नव्हतं! वळण आलं की उतरायचं, समुद्र बघायचा, परत बसायचं. पुढच्या वळणावर पुन्हा तोच समुद्र! तिसऱ्या वेळी मी उतरलोच नाही.

मग आला पब. लाकडी तुळया, पितळी घंटा, भिंतीवर कुणा गोऱ्या म्हाताऱ्याचा फोटो आणि भर दुपारी आत अंधार. शाकाहारी काय, तर उकडलेले वाटाणे, उकडलेला बटाटा आणि पाव. आजाऱ्याचं जेवण! तेही तासाभराने मिळणार. तोवर कॅप्टनसाहेब गिरीश आणि मंगलाला घेऊन मागच्या व्हरांड्यात जहाजं दाखवायला गेले.

आणि तेवढ्यात मला ती दिसली. भिंतीत बांधलेली, दगडी, बैल बसेल एवढी मोठी चूल! आत ओंडके रचून तयार, आणि पेटवलेली नाही. आता सांगा, हा माझा दोष? मी डिकीतून पोतं आणि भारा घेऊन आलो.

बायकोने माझा हात धरला. "पहिले त्या मालकले इचारा ते!"

"चुलीला काय विचारायचं?" म्हटलं आणि काडी ओढली.

काय सुरेख पेटल्या हो काड्या! तडतड तडतड. वांगी मांडली, वास सुटला. दोन मिनिटं मी दमणचा राजा होतो.

मग धूर वर जाईना. वर धुरांडंच नव्हतं! ओंडक्यांना हात लावून बघतो तर सिमेंटचे, वरून रंग दिलेले. चूल शोभेची होती! तुम्हीच सांगा, अन्न शिजत नाही अशी चूल कुणी शहाणा माणूस बांधतो का?

पण हे सांगणार कुणाला? धूर खोलीभर झाला. लोक खोकत टेबलांखाली वाकले. मालक धावत आला, "पंखा लगाओ! अरे, पंखा बंद करो! ये किसने किया?" सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

त्यातून घाईत मी वांगी टोचायला विसरलो होतो. न टोचलेलं वांगं फुटतं, हे आमच्या आळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पहिलं फुटलं ते छताला लागलं. दुसरं फुटलं आणि नेमके त्याच वेळी कॅप्टनसाहेब धावत आत आले, पांढरास्वच्छ शर्ट घालून. काय सांगू! मी शेजारच्या टेबलावरचे दोन मोठे ग्लास उचलले आणि चुलीवर ओतले. निम्मं साहेबांच्या अंगावर गेलं. ती बिअर होती, हे मला कसं कळणार?

"बठ्ठं सरनं!" सगळं संपलं म्हणत बायकोने कपाळावर हात मारला.

बाहेर पायरीवर मंगला रडत उभी होती. "नाना, मोडलंत तुम्ही माझं लग्न," एवढंच म्हणाली. खरं सांगतो, तेव्हा मात्र माझी छाती फाटली. जन्मभर कुणापुढे वाकलो नाही, पण त्या क्षणी कॅप्टनसाहेबांचे पाय धरायला निघालो होतो.

ते बाहेर आले. केसांतून बिअर गळतेय, बाहीवर वांगं. त्यांनी बाहीवरचं वांगं बोटाने निपटलं आणि तोंडात घातलं.

"मीठ नाही," ते म्हणाले.

माझं डोकं फिरलं. "टाकायला वेळ कुठे दिलात?"

आणि तो माणूस हसत सुटला! हसता हसता पायरीवरच बसला. म्हणाला, "भास्करराव, तीस वर्षं बंदरोबंदरी असल्या चुलीसमोर बसलो. दरवेळी वाटायचं, इथे एक वांगं हवं होतं. हिंमत झाली नाही. पोरगी पसंत आहे! फक्त एक अट. लग्नात होमापाशी तुम्ही बसायचं नाही. कन्यादान तुमच्या थोरल्या भावाला करू द्या."

हे कोण मला सांगणारे? मुलीचा बाप मी! लग्न एरंडोलला झालं आणि होमापाशी मीच बसलो, मांडी ठोकून. कॅप्टनसाहेब पाण्याची भरलेली बादली घेऊन पहिल्या मंत्रापासून माझ्या मागे उभे राहिले. सगळा मांडव हसत होता. मी एकदाही मागे वळून बघितलं नाही.

आणि आज छातीठोक सांगतो, त्या बादलीची काही एक गरज नव्हती. उपरण्याचं एवढंसं टोक पेटलं होतं, ते मी हातानेच विझवलं असतं.