तीन पितळी खिळ्यांची सुरी

भोपाळला बदली झाल्याचा कागद हातात पडला तेव्हा माझ्या घरात त्रेचाळीस सुऱ्या होत्या आणि त्यांतल्या एकीनेही कधी कांदा चिरला नव्हता. कांदा बायको विळीवर चिरायची, आणि ती विळी बोथट होती. त्रेचाळिसांतली एक सुरी तर माझी नव्हतीच. आमच्याच गल्लीतल्या एका बाईने ती मुलाच्या लग्नापर्यंत माझ्याकडे सांभाळायला ठेवलेली होती. आज लिहिताना हे लख्ख आठवतंय, पण तेव्हा मी साफ विसरलो होतो, आणि पुढचा सगळा घोळ त्या विसरण्यातून झाला.

ते दिवस राज्यांच्या जोडतोडीचे होते. कालपर्यंत आमचं ऑफिस नागपूरकडे तोंड करून बसायचं, आता म्हणाले तोंड भोपाळकडे करा. कोणी मुंबई राज्यात गेलं, कोणी इकडेच राहिलं. बुऱ्हाणपूरच्या आम्हा मराठी कारकुनांना कुठे जायचं हे कोणी विचारलंच नाही. भोपाळला एक खोली मिळते आणि तीही दुसऱ्या बिऱ्हाडाबरोबर वाटून घ्यावी लागते, असं आधी गेलेल्यांनी कळवलं होतं. बायकोने घरभर नजर फिरवली आणि ती माझ्या दोन लोखंडी पेट्यांवर येऊन थांबली. म्हणाली, त्या खोलीत एक तर ह्या पेट्या मावतील नाही तर मी. वर म्हणाली, सावकाश ठरवा, घाई नाही. तिचं हे शांत बोलणं मला फार झोंबायचं.

सुऱ्यांचा नाद कसा लागला असं कोणी विचारलं की एके काळी मी अर्धा तास बोलायचो. खरं सांगायचं तर त्यात काही नव्हतं. आठवडी बाजारात एक बरी सुरी दिसली, घेतली. मग दुसरी दिसली. दुसरी घरात आली की तिसरी नसल्याची चुटपुट लागते, आणि तिथून माणूस कामातून गेलाच म्हणून समजा. असीरगडाखालच्या गावातला एक माणूस दर दिवाळीच्या आगेमागे यायचा आणि बुरुजाखाली सापडली म्हणून एक सुरी माझ्या गळ्यात मारून जायचा. अशा पाच झाल्या. बायको म्हणाली, किल्ल्यात एवढ्या सुऱ्या होत्या तर किल्ला पडला कसा? मला राग आला, कारण तोवर हा प्रश्न मला सुचला नव्हता.

खंडेनवमीला मी सगळ्या सुऱ्या ओट्यावर लाल कापडावर मांडायचो, हळदकुंकू वाहायचो, आणि गल्ली बघायला यायची. माझा वर्षातला मोठा दिवस तो. एका वर्षी आमचे साहेब आले. हात मागे बांधून त्यांनी सगळं पाहिलं आणि म्हणाले, छान आहे, पण जरा भंगारवाल्याच्या दुकानासारखं दिसतं. साहेब चहा पिऊन गेले, पण त्यांचं बोलणं माझ्या मानगुटीवर बसलं ते बसलंच. मलाही मग ते दिसायला लागलं. कुठे शिंगाची मूठ, कुठे लाकडाची, कुठे नुसती सुतळी गुंडाळलेली. मी ठरवलं, सगळ्यांना एकसारख्या शिसवी मुठी लावायच्या.

बुऱ्हाणपुरातल्याच लालबागेत एक शिकलगार होता, धार लावायचा आणि मुठीही बसवायचा. दोन महिने दर रविवारी सायकलच्या मागे पोतं बांधून मी त्याच्याकडे जात होतो. मुठी बदलल्या, पाती घासून चकचकीत केली, सगळ्यांना धार लावली. पुढच्या खंडेनवमीला त्रेचाळीस सुऱ्या एका गणवेशात ओळीने निजल्या. साहेब म्हणाले, वा. त्या एका ‘वा’साठी मी काय करून बसलो होतो ते कळायला आणखी दोन वर्षं जायची होती.

तर आता त्या कमी करायच्या होत्या. मला वाटलं, लोक रांग लावतील. कसली रांग आणि कसलं काय! आपल्याकडे सुरी कोणी हातात देत नाही, हातात दिली की भांडण होतं म्हणतात. देणारा जमिनीवर ठेवतो आणि घेणारा उचलतो, एवढं मलाही ठाऊक होतं. पण भेट म्हणून सुरी घरात घ्यायलाच कोणी धजणार नाही, हे ठाऊक नव्हतं. ऑफिसातला माझा जिवाभावाचा सोबती, ज्याच्या डब्यातलं मी इतकी वर्षं खाल्लं, तो सुरी बघून दोन पावलं मागे सरला आणि दोस्ती कशाला तोडतो यार म्हणाला. शेजारच्यांनी मला समजावून सांगितलं की खाली ठेवलीस तरी दिलीस तूच. एका घरी बाळंतीण होती, तिच्या उशाखाली ठेवायला म्हणून त्यांनी एक सुरी मागितली आणि सव्वा महिन्याने आणून देतो म्हणाले. मी म्हटलं, परत नकोच. तर त्यांनी ती नेलीच नाही.

शेवटी बायकोने सुचवलं की ओट्यावर नुसत्या ठेवून द्या, देणारा कोणी नाही, ज्याला हवी तो उचलेल. मी दहा सुऱ्या ठेवल्या. दुपारी बघतो तर दहाच्या अकरा झालेल्या. कोणी तरी आपल्या घरची गंजकी सुरीही त्यात आणून टाकली होती. बायको पदर तोंडाला लावून आत गेली. मी तिथेच डोकं धरून बसलो.

तेवढ्यात सुरी सांभाळायला देणारी ती बाई आली. तिचा नवरा केळीच्या बागांमधून घड कापणाऱ्या टोळीचा मुकादम होता, माझ्यापेक्षा थोडा मोठा, म्हणून मी तिला वहिनी म्हणायचो. तो वारल्यावर मुलाला घेऊन ती माहेरी गेली ती सात-आठ वर्षं तिकडेच राहिली. आता परत येऊन तिने आपलं बंद घर उघडलं होतं, कारण आठ दिवसांवर मुलाचं लग्न होतं. ओट्यावरच्या सुऱ्यांकडे तिने नुसतं ओझरतं पाहिलं.

“भाऊ, माही सुरी घ्याले आली,” ती म्हणाली. “पोराच्या हळदीले लागंल. तीन पितळी खिळ्यांची.”

खिळे म्हटल्याबरोबर मला सगळं आठवलं. आपल्याकडे हळद लागल्यापासून नवरदेवाच्या हातात सुरी असते, टोकाला लिंबू खोचलेली. त्यांच्या घरात ती सुरी पिढ्यांपासून एकच होती. आणि त्यांची एक वेगळी रीत होती. नवी नवरी माप ओलांडून आत आली की सगळ्यांत आधी त्या सुरीच्या मुठीत एक पितळी खिळा ठोकायची. तीन पिढ्यांचे तीन खिळे झाले होते. तिसरा तिने स्वतः ठोकलेला, पंधराव्या वर्षी. आता चौथा सुनेने ठोकायचा होता.

माहेरी जाताना तिने ती सुरी माझ्यासमोर जमिनीवर ठेवली होती. भावाच्या भरल्या घरात कोण जपणार, म्हणाली होती, आणि लोखंडाची तुमच्याइतकी निगा गल्लीत कोणी राखत नाही असं तिचा नवराच म्हणायचा म्हणे. मी ती उचलली होती आणि वहिनी, निश्चिंत जा, असं तोंड भरून सांगितलं होतं. आठ-पंधरा दिवसांत ती माझ्या हिशेबी माझीच झाली. जमवणाऱ्या माणसाचं असंच असतं, घरात आलेलं बाहेर जायचं आहे हे त्याला आठवतच नाही.

मी तिला म्हटलं, पेटीत खाली आहे, परवा काढून ठेवतो. चक्क खोटं बोललो. ती गेली. दारातून बायको माझ्याकडे बघत होती, ती काही बोलायच्या आत मी सायकल काढली आणि लालबाग गाठली.

शिकलगाराला विचारलं, जुन्या मुठींचं काय केलंस? तो म्हणाला, बाबूजी, त्या त्याच थंडीत पाणी तापवायला गेल्या, तुम्हीच म्हणाला होता की हा कचरा इथेच फेक. मला अजून एक आशा होती. नवरदेवाच्या सुरीला धार लावत नाहीत, झोपेतही ती त्याच्या हातात असते. म्हणजे बिनधारेचं पातं शोधलं की झालं. हे मी त्याला सांगितलं तर तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, ती तर मी वेगळी काढून ठेवली होती. हिला जन्मात धार लागलेली नाही, लावू का, असं विचारलं होतं, आणि तुम्ही पोत्यावर बसून विडी पीत म्हणालात, सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना. त्याला हे सगळं आठवत होतं, आणि जिने विश्वासाने माझ्याकडे ठेवली तिची सुरी त्यानेच वेगळी ओळखली होती. मला नाही ओळखता आली. इतका संताप आला मला स्वतःचा की त्याच्यावरच ओरडलो. तो बिचारा धार लावत राहिला.

निघताना मी त्याच्याकडून तीन पितळी खिळे घेतले. हेही लिहायलाच हवं. मनात हेच होतं की एखाद्या मुठीत ठोकून द्यावेत, कोणाला कळतंय. घरी येऊन सगळ्या सुऱ्या जमिनीवर पसरल्या, त्यातल्या त्यात जुनं दिसणारं एक पातं निवडलं आणि हातोडी शोधायला लागलो. बायकोने खिळे पाहिले. तिला सगळं समजायला वेळ लागला नाही.

“अहो, स्वतःच्या हाताने ठोकलेला खिळा ती ओळखणार नाही का?” ती म्हणाली. “इतकी वर्षं निदान खोटेपणा तरी केला नव्हतात.”

मी हातोडी ठेवून दिली. त्या दिवशी आम्ही दोघंही धड जेवलो नाही.

ठरल्या दिवशी वहिनी सकाळीच आली. सुऱ्या तशाच पसरलेल्या होत्या. ती खाली बसली आणि एकेक उचलून बघायला लागली. मूठ फिरवायची, अंगठ्याने चाचपायची, ठेवायची, पुढची घ्यायची. मला वाटलं होतं आल्या आल्या सांगून टाकावं, पण मी नुसता पुढची सुरी तिच्याकडे सरकवत राहिलो. पंधरा-वीस झाल्यावर तिचा अंगठा जरा घाईने फिरायला लागला. तेव्हा मी म्हटलं, वहिनी, मुठी मी बदलल्या. सगळ्यांच्या. जुन्या जाळल्या.

तिने हातातली सुरी खाली ठेवली. ती त्या शिसवी मुठींच्या रांगेकडे बघत होती. मी काय काय बोलत होतो देव जाणे. यातली कोणतीही घ्या, दोन घ्या, सगळ्या घ्या, यांतच तुमचं पातं आहे, नक्की आहे, असं काहीतरी बरळत होतो.

“मी तुह्याजवळ जपाले ठेवली होती, भाऊ,” ती म्हणाली. “सजवाले नाही.”

मग गुडघ्यावर हात टेकून उठली आणि गेली. एकही सुरी नेली नाही.

त्याच दुपारी मी भंगारवाल्याला हाक मारली. त्याने मुठींकडे बघितलंही नाही, सरळ तराजूत टाकल्या. किल्ल्याखालच्या पाच, आठवडी बाजारातल्या, सगळ्या एकाच पोत्यात गेल्या आणि त्यांतच कुठेतरी तिचीही गेली, कारण ती वेगळी काढणं माझ्या हाती उरलं नव्हतं. पोतं बांधायच्या आधी बायकोने न विचारता एक उचलून स्वयंपाकघरात नेली. पेट्यांमध्ये मग गोधड्या आणि भांडी भरली. हलकं वगैरे काही वाटलं नाही. ज्या कशाला मी तेरा वर्षं जपणं म्हणत होतो ते नुसतं जवळ ठेवणं होतं, आणि हे कळायला दुसऱ्याच्या घरची वस्तू नासवावी लागली, याची चीड मात्र आली. ती अजून गेलेली नाही.

लग्नाला जाऊ नये असं मला वाटत होतं. बायको म्हणाली, गल्लीत राहून तोंड लपवता येत नाही, चला. नवरदेवाच्या हातात बाजारातून आणलेली नवी सुरी होती, टोकाला लिंबू, मूठ कोरी करकरीत. कोणी काही विचारलं नाही. वहिनीने मला अक्षता दिल्या, पाणी विचारलं, सगळं रीतसर केलं.

संध्याकाळी वरात घरी आली. नवरीने माप ओलांडलं. सासूने तिच्यापुढे सुरी जमिनीवर ठेवली, वर एक पितळी खिळा आणि हातोडी ठेवली. मुलगी लहानखुरी होती, तिने सुरी उचलून उलटसुलट केली आणि खिळा कुठे ठोकायचा ते तिला समजेना. तिने हळूच सासूला जागा विचारली. दारात उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांना ते ऐकू आलं.

“कुठीबी ठोक, बाई,” वहिनी म्हणाली. “सगळी मूठ तुहीच आहे.”

नवरीने खिळा ठोकला. बायका गाणं म्हणायला लागल्या, आणि मी जेवायला न थांबता घरी निघून आलो.