पाटीवरचा कोहळा

वच्छलाबाई भाजी मांडायच्या आधी पाटी मांडायच्या. सकाळी खेड्यावरून आलेल्या ऑटोतून पोती उतरायची, सांभाराच्या जुड्या (पुण्याकडे कोथिंबीर म्हणतात) ओट्यावर तशाच पडून राहायच्या, गिऱ्हाईक पिशवी धरून ताटकळायचं, तरी बाईंचा हात आधी खडूकडे जायचा. अर्ध्या पाटीवर भाव, अर्ध्या पाटीवर चित्र. कोणी घाई केली तर मागे न वळता म्हणायच्या, "थांब ना बाप्पा, भाजी कुठं पळून राहिली का?" चित्र पुरं झालं की दोन पावलं मागे सरून निरखायच्या, पदराला हात पुसायच्या आणि मगच तराजू उचलायच्या.

गेल्या उन्हाळ्यात त्या गेल्या. त्यांना न पाहिलेल्या माणसांसाठी हे लिहिते आहे. शहराचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. अमरावतीत ही गोष्ट सांगितली तर लोक म्हणतात आमचीच, अकोल्यात सांगितली तर तेही तेच म्हणतात, म्हणजे बघा. मी तिथल्या महापालिकेत कारकून, तेव्हा बाजार विभागात होते. म्हणजे वच्छलाबाईंच्या ओट्याची फाईल माझ्याच टेबलावर असायची आणि त्यांच्या ओट्यावरची भाजी माझ्या घरी.

आठवीत असताना त्यांना ड्रॉइंगच्या परीक्षेत वरची श्रेणी मिळाली होती. पुढच्या वर्षी लग्न झालं, आणि सासूच्या मागे हा ओटा त्यांच्याकडे आला. हात मात्र विसरला नव्हता. त्यांच्या चित्रात माणूस कधी नसायचा, सगळी ओट्यावरचीच मंडळी. महापौर म्हणजे कोहळा. महापौर बदलायचे, पक्ष बदलायचे, कोहळा तोच. नगरसेवक म्हणजे एका झाडाची वांगी. आयुक्त म्हणजे शेवग्याची शेंग. आणि तुम्ही-आम्ही म्हणजे सांभार. मी एकदा विचारलं, "आम्हीच सांभार का हो?" त्यांनी माझ्या पिशवीत वांगी टाकली आणि म्हणाल्या, "भाजी घेतली का सांभार फुकट मांगतेत लोकं. तशीच जनता. सगळ्याईले फुकटच पाह्यजे."

कोणी म्हणे, महापौरांचं नाक चांगलं मोठं आहे, ते काढा की, मजा येईल. बाई ऐकून घ्यायच्या नाहीत. "नाक देवानं देल्लं. त्याले नाव ठेवून मी का करू? कामाले नाव ठेवीन."

त्यांचा दुसरा नेम याहून कडक होता. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्या खडू उचलत नसत. दर्यापूरच्या रस्त्यावर महापालिकेने मोठी थोरली स्वागत कमान बांधली, तेव्हा बाजारात आठवडाभर तिचीच चर्चा होती. बाईंनी पाटी कोरी ठेवली. मग एक दिवस दुपारी शेअर जीपमध्ये बसून कमानीपाशी उतरल्या, उन्हात उभं राहून तिच्यावरून आणि तिच्याखालून नजर फिरवली आणि परत आल्या. दुसऱ्या दिवशी पाटीवर फेटा बांधलेला कोहळा कमानीत हात जोडून उभा आणि समोरच्या खड्ड्यात जीप गुडघाभर रुतलेली. वांगी परराज्यात आदर्श भाजीबाजार बघायला विमानाने गेली, तेव्हाचं चित्र तर मला अजून दिसतं. विमानाच्या खिडकीतून वांगी खाली बघताहेत आणि खाली आमचाच बाजार, जो महापालिकेच्या फाटकापासून पाच मिनिटांवर आहे. खाली एवढंच लिहिलं होतं, 'लांबून बरं दिसते.'

अशा बाईला आपल्या बाजूला ओढावं असं विरोधी पक्षनेत्यांना वाटलं नसतं तरच नवल. त्यांनी रंगीत खडूंचा मोठा डबा पाठवला. बाईंनी डबा आणणाऱ्याला पाणी पाजलं आणि डबा त्याच्याच हातात परत दिला. "साहेबाले सांगजा, उद्या तुमी कोहळा व्हाल. मंग हे खडू म्या कुठं लपवाचे?"

आता त्यांची चूक सांगते, कारण चूक लपवली तर त्या मला माफ करणार नाहीत. गावाबाहेरच्या नाक्यावर नवे पथदिवे बसले होते. परतवाड्याच्या एका जीपवाल्याने सांगितलं की दिवे दिवसा जळतात आणि अंधार पडला की बंद. तो माणूस रोज त्या रस्त्याने जायचा, बाईंना वाटलं याने पाहिलंच असणार. काढलं चित्र. दुपारी महापालिकेचा कनिष्ठ अभियंता, अगदी तरुण, ओट्यापुढे येऊन उभा राहिला. भांडला नाही. म्हणाला, "मावशी, खांबांवर मी स्वतः चढलो होतो. एकदा येऊन बघा." संध्याकाळी बाई नाक्यावर गेल्या. सगळे दिवे लख्ख लागलेले होते.

दुसऱ्या दिवशी पाटीवर वच्छलाबाई स्वतः होत्या. म्हणजे एक सुरकुतलेलं कारलं, कुंकू लावलेलं, दोन्ही हातांनी कान धरून दिव्याच्या खांबाखाली उभं. खाली लिहिलं, 'न पाहता काढलं. चुकली.' हे चित्र त्यांनी आठ दिवस पुसलं नाही. मी म्हटलं, एका दिवसाच्या चुकीला आठ दिवस शिक्षा? "खोटं एक दिवसात गावभर होते मॅडम. खऱ्याले चालाले टाइम लागते," असं म्हणून त्यांनी मला गवार मोजून दिली.

मग आलं कारंजं. बाजारासमोरच्या चौकात गाणं वाजवणारं, रंग बदलणारं कारंजं. शहरात नळाला एक दिवसाआड पाणी, आणि चौकात कारंजं नाचतंय. त्याच्याच मागे बायकांचं स्वच्छतागृह होतं. बांधून तयार, फरशी बसवलेली, टाकीला पाणी जोडलेलं, आणि दाराला कुलूप. दीड वर्षापासून कुलूप. कारण काय, तर उद्घाटनासाठी महापौरांची तारीख मिळत नव्हती. बाजारात बसणाऱ्या बायका सकाळी घरून निघताना अर्धा कप चहा घेत आणि दुपारपर्यंत पाण्याला हात लावत नसत. बाईंनी हे पाहायला कुठे जायची गरज नव्हती. त्यांच्या ओट्यापासून ते दार वीस पावलांवर होतं, आणि त्या स्वतः त्याच बायकांपैकी एक होत्या.

चित्रात कोहळा कारंज्याखाली डोळे मिटून मजेत अंघोळ करत होता. मागे कुलूपबंद दारापुढे सांभाराच्या जुड्यांची रांग, एकेकीच्या हातात डबडं. कोणीतरी फोटो काढला आणि संध्याकाळपर्यंत तो सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरला. महापौरांच्या घरच्या ग्रुपवरही पोचला म्हणतात.

नोटीस मीच टाइप केली. लाज वाटते, पण केली. 'सदर चित्रामुळे मा. महापौर यांची बदनामी झाली असून, आपण सात दिवसांत जाहीर माफी न मागितल्यास आपल्या ओट्याचा परवाना रद्द करण्यात येईल.' 'सदर कोहळा' असा शब्द पहिल्या मसुद्यात होता, तो साहेबांनी खोडला. नोटीस द्यायला मीच गेले. बाईंनी ती दोनदा वाचून घडी केली आणि गल्ल्याखाली ठेवली. ओटा गेला तर काय, हे त्यांना माझ्याहून चांगलं माहीत होतं. घरात कमावणारा एक मुलगा, त्याचं काम कधी असायचं कधी नसायचं. घर चालायचं ते या दगडी ओट्यावर.

सातव्या दिवशी महापौरांच्या दालनात सुनावणी झाली. मी फाईल घेऊन कोपऱ्यात. महापौर गोड बोलले. "मावशी, मी काय तुमच्या पोटावर पाय देऊन राहिलो का? तुमच्याच पद्धतीनं म्हणतो. त्या इंजिनिअरसाठी तुमी आठ दिवस कान धरले. माझ्यासाठी दोन दिवस धरा. ओटा तुमचाच हाये."

माझ्या मनात आलं, धरा हो बाई. दोन दिवसांनी पुसून टाका. कोण लक्षात ठेवतंय?

"त्याचे दिवे लागत व्हते, साहेब," वच्छलाबाई म्हणाल्या. "तुमचं कुलूप निघालं का?"

महापौरांनी माझ्याकडे हात केला. "काम पूर्ण आहे. मॅडम, अहवाल वाचा." मी वाचला. 'स्वच्छतागृहाचे काम पूर्ण असून ते महिला विक्रेत्यांच्या वापरात आहे.' खाली माझी सही. त्या फॉर्मवर 'वापरात आहे' हा रकाना भरल्याशिवाय फाईल पुढे जात नव्हती, म्हणून मी तो भरला होता. आम्ही सगळेच भरतो.

बाई माझ्याकडे वळल्या. रागाने नाही, रोज भाव सांगत तशाच आवाजात विचारलं, "मॅडम, तुमी पाह्यलं का?"

माझी नोकरी, माझे साहेब, माझे महापौर, सगळे त्याच खोलीत होते. आठवड्यातून दोनदा मी त्या दाराजवळ उभी राहून वांगी निवडत होते. आणि मला स्वतःचा असा संताप आला की भीती वाटायला जागाच उरली नाही.

"नाही," मी म्हटलं. "वापरात नाही. कुलूप आहे आणि किल्ली आमच्याच कपाटात आहे."

महापौर म्हणाले, "उद्घाटनाची तारीख तेवढी ठरायची आहे."

"साहेब," वच्छलाबाई म्हणाल्या, "मुताले तारीख लागते का?"

दारातला शिपाई तोंड फिरवून भिंतीकडे बघत राहिला. माफी मात्र बाईंनी मागितली नाही. चित्रातही नाही, तोंडीही नाही. नमस्कार करून त्या निघाल्या, कारण दुपारची भाजी सुकत होती.

सोमवारी ओट्याला सील लागलं. पंचनामा लिहायला मलाच पाठवलं, शिक्षा म्हणून असावं. बाईंनी स्वतः सामान उतरवून दिलं, पोतं ओट्यापुढेच जमिनीवर अंथरलं आणि पाटी ओट्याला टेकवून बसल्या. डोळ्यांत पाणी होतं. मी ते पाहिलं आणि त्यांनी मला पाहताना पाहिलं. "रडू देजा मले," म्हणाल्या, "पन चित्र पुसनार नाई."

मी पंचनाम्यावर सह्या घेतल्या. मग वीस पावलं चालत गेले, पर्समधून किल्ली काढली आणि दाराचं कुलूप उघडलं. सकाळीच कपाटातून उचलून आणली होती. कोणाला विचारलं नव्हतं. बायका एकेक करून उठल्या. पहिल्या वच्छलाबाई आत गेल्या. सगळे नळ सोडून पाहिले, आधी तांबडं आणि मग स्वच्छ पाणी येताना पाहिलं, बाहेर आल्या आणि पाटीवरचं कुलूप बोटाने पुसून दार उघडं काढलं. कारंज्याखालचा कोहळा तसाच ठेवला. "दार उघडलं, ते खरं. हा न्हाऊन राह्यला, तेबी खरंच हाये."

तिसऱ्या दिवशी मला कारणे दाखवा नोटीस आली. मी घाबरले, खोटं कशाला सांगू. घरी कॉलेजात शिकणारी मुलगी होती, डोक्यावर घराचं कर्ज होतं. ऑफिसातल्या जाणत्यांनी उत्तर लिहून दिलं, 'सदर कुलूप माझ्याकडून अनवधानाने उघडले गेले.' ते घेऊन मी बाजारात गेले आणि पोत्याच्या कडेला बसून बाईंना वाचून दाखवलं.

"अनवधान म्हंजे का?"

"चुकून."

"तुमी चुकून उघडलं का?"

"नाही हो. पण असं लिहिलं की समज देऊन सोडतात."

वच्छलाबाई मेथी निवडत होत्या, ती बाजूला ठेवली. "तुमाले सोडतीन. दाराले नाई सोडनार. चुकून उघडलं म्हनता, तं उद्या कुलूप आनून लावतीन, का चूक दुरुस्त केली. मंग म्या ओटा कायले देल्ला?"

मी तो कागद फाडला आणि तिथेच, त्यांच्या पाटीचा आधार घेऊन, दुसरा लिहिला. 'कुलूप मी जाणूनबुजून उघडले. यात माझी चूक नाही.' खाली पूर्ण नाव आणि सही.

माझी बदली जन्म-मृत्यू विभागात झाली आणि बढती अडली ती अडलीच. वच्छलाबाईंना ओटा परत मिळाला नाही. मरेपर्यंत त्या जमिनीवरच बसल्या आणि कोहळा काढत राहिल्या, नवा महापौर आला तरी. त्या गेल्या तेव्हा ऑफिसात कोणी म्हणालं, आता त्या दाराचं पण उद्घाटन रीतसर करून घेऊ, तोवर बंद ठेवा. मी माझं जुनं उत्तर फाईलमधून काढून त्यांच्यापुढे ठेवलं आणि विचारलं, यात चूक नव्हती, मग दुरुस्त काय करता? दार उघडंच आहे. परवा जाऊन पाहून आले.