कॉलरच्या आतली पट्टी

दिवाळीत वनिताच्या घरातून कोणी रिकाम्या हाताने गेल्याचं भिसेगावात कोणाला आठवत नाही, आणि विकतची वस्तू घेऊन गेल्याचंही आठवत नाही. विकतच्या भेटींचा तिला तिटकारा होता. सोनपापडीचा तो डबा, जो ह्याच्याकडून त्याच्याकडे, तिथून मामाकडे, मामाकडून व्याह्याकडे फिरत फिरत शेवटी मूळ मालकाच्याच दारात येऊन पडतो, तो कोणी आणला तर ती पाहुण्याच्या तोंडावर म्हणायची, "ठेव तिथं. जाताना आठवणीनं ने, पुढच्या घरी चालंल."

तिची रीत वेगळी होती. वर्षभर शिवणकामातून उरलेली कातरणं ती रंगांप्रमाणे पिशव्यांत भरून ठेवायची. दसरा झाला की गिऱ्हाइकांना सांगून टाकायची, आता ब्लाऊज घेणार नाही, वाटलं तर दुसरीकडे जा, आता माझी माणसं. मग सासूला बटवा, नणंदेच्या पोराला दप्तर, नवऱ्याला पायजमा. दशरथ खोपोलीला कारखान्यात कंत्राटावर होता. गरीब माणूस. एकदा त्याच्या पायजम्याचा एक पाय लांब झाला तर तो वर्षभर तसाच दुमडून वापरला, पण बोलला नाही. बोलला असता तर ऐकावं लागलं असतं, हेही खरं.

सगळ्यात शेवटी, सगळ्यात मन लावून, ती भावाचा शर्ट शिवायची.

किशोर तिच्यापेक्षा बराच धाकटा. माहेर भिवपुरीकडे, डोंगराच्या पायथ्याला. बाप लवकर गेला. आई दुसऱ्याच्या शेतात लावणीला, कापणीला जायची, आणि किशोर वनिताच्या कडेवर. सातवीनंतर तिची शाळा सुटली ती कर्जतच्या बाजारात एका शिंप्याकडे काज-बटण करायला. मशीनवर बसायला मिळालं तेव्हा तिने पहिली वस्तू शिवली ती किशोरची शाळेची चड्डी, बापाच्या जुन्या पँटीची. वर्गातली पोरं चिडवायला लागली, "मेल्या बापाची चड्डी, मेल्या बापाची चड्डी!" वनिताने शाळेच्या दारात जाऊन त्यातल्या एकाच्या कानाखाली आवाज काढला. गुरुजी धावत आले तर त्यांनाही म्हणाली, "तुमाला ऐकू येत नव्हतं का?" पण तिच्या लक्षात राहिलं ते दुसरंच. रडत उभा असलेला किशोर नाक पुसत पोरांना सांगत होता, "बापाची नाय. ताईनं शिवलीय."

त्या एका वाक्यावर ती पुढची सगळी वर्षं त्याला शर्ट शिवत आली.

आई गेल्यावर तिच्या वाट्याला आईचं एक हिरवं लुगडं आलं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. विकतच्या शर्टाला मानेमागे, कॉलरच्या आत, जिथे कंपनीचं लेबल असतं, तिथे ती त्या लुगड्याची बोटभर पट्टी शिवायला लागली. बाहेरून दिसायची नाही. घालणाऱ्याच्या मानेला तेवढी लागायची. किशोरच्या शर्टाला एक, आणि त्याला मुलगी झाल्यावर आरोहीच्या फ्रॉकला एक. बाकी कोणाला नाही, स्वतःलाही नाही. लुगडं आता वीतभर उरलं होतं. आई गेल्यावर माहेर म्हणजे किशोर, आणि माहेरपण म्हणजे भाऊबीज. एवढंच तिचं होतं. ते गेलं तर काय राहतं, हा विचार तिने कधी केला नव्हता.

तर हा किशोर आता प्रवीणशेठचा माणूस झाला होता.

प्रवीणशेठ कोण, ते कर्जतमध्ये विचारायची गरज नाही, मान वर केली की दिसतोच. नाक्यावर, खांबावर, मुतारीच्या भिंतीवर, हात जोडलेला, काळा चष्मा घातलेला. नदीकाठची शेतं घ्यायची, तुकडे पाडायचे आणि मुंबईवाल्यांना बंगल्यांसाठी विकायची, हा धंदा. पाच वर्षं ज्याच्या गाडीची काच खाली झाली नव्हती, तो इलेक्शन आल्याबरोबर चालत फिरायला लागला आणि दिसेल त्या बाईला बहीण म्हणायला लागला. ओकारी येते ती याची. मत मागायचं तर मत माग ना बाबा, नातं कशाला बाटवतोस?

आचारसंहिता लागायच्या आधी एका सकाळी किशोर टेंपो घेऊन वनिताच्या दारात आला. मागे साड्यांचे गठ्ठे.

"ताई, अर्जंट काम हाय. तुझ्याशिवाय नाय व्हनार."

तिने एक साडी उचलली आणि झुरळ हातात आल्यासारखी टाकली. बुळबुळीत, गार, पालीच्या पोटासारखी. वास असा, की गोदामातल्या उंदरांनीसुद्धा तिच्यावर मुतायचं टाळलं असावं.

"हे काय रं?"

"शेठ भाऊबीज देतायत. समद्या वाड्यांना. हे लेबल पदराला लावायचंय फक्त."

कापडी लेबल होतं. त्यावर तोच जोडलेल्या हातांचा फोटो आणि खाली छापलेलं: 'बहिणींचा भाऊ प्रवीणशेठ'.

"बाई पदर डोक्यावरून घेनार, आन् ह्याचं थोबाड तिच्या कपाळावर? लाज वाटत नाय?"

"ताई, शेठला शब्द दिलाय मी. माजी इज्जत जाईल."

"तुजी इज्जत अशा कापडाची हाय व्हय रं आता?"

पण शिवून दिलं. भावाने गळ घातली म्हणून दिलं, आणि मजुरी त्याच्या हातात परत कोंबली, "शेठच्या पैशाला मी हात लावनार नाय." पांढरा दोरा संपला तेव्हा मशीनवर होता तो पिस्ता रंगाचा दोरा तसाच लावून उरलेल्या लेबलांवर टीप मारली, राग राग करून. प्रत्येक टीप संपली की सवयीने मागे उलटी टीप मारून ती पक्की केली. घाण काम होतं, पण हात घाण काम करायला शिकले नव्हते. टेंपोत गठ्ठे भरताना किशोरने हळूच पुढचं काढलं, "भाऊबीजेला सांजचा दहिवलीत कार्यक्रम हाय. स्टेजवर शेठला पयलं ओवाळशील का? माजी सख्खी बहीन म्हनून नाव घेतील माईकवर."

"मी एकालाच ओवाळते," वनिता म्हणाली. "तो स्टेजवर बसत नाय, पाटावर बसतो."

त्यानंतर कितीतरी दिवस बोटांना तो बुळबुळीतपणा चिकटून राहिल्यासारखं तिला वाटायचं. जेवायला बसण्याआधी ती हात पुन्हा धुवायची.

दिवाळीच्या तोंडावर डोंगरातल्या वाडीवरची सुंदरा करांदे, रानातले कंद, विकायला आली. डोक्यावर पाटी, अंगावर शेठची तीच साडी, पण कुठला रंग ते ओळखू येत नव्हतं. दंडाला, गळ्याला लाल ओघळ.

"अगं, काय झालं तुला? लागलं काय?"

"भाऊबीज लागली, ताय," सुंदराने पाटी उतरवली. "धुतली न् पानी लाल, दगड लाल, मी लाल. साडी तेवडी पांढरी झाली. माजा म्हातारा घाबरला ना, म्हनं हिला कोनी तोडली."

"मंग नेसलीस कशाला?"

"दुसरी वाळत हाय. आन् त्यो आला व्हता ना तुमचा शेठ, बहीन बहीन करत. म्या इचारलं, भाऊ, माजं नाव काय? तर मोटारीत जाऊन बसला." सुंदरा करांदे मोजून घालत हसत होती. "तेवडं लेबल बरीक लय पक्कं शिवलंय कोनी. म्या वढलं, दातानं वढलं, निगत नाय मेलं."

वनिताने करांदे घेतले, आणि सुंदराला आत नेऊन स्वतःची एक सुती साडी दिली. सुंदराने ती हातात चोळून बघितली आणि विचारलं, "हिचा भाऊ कोन?"

"हिला भाऊ नाय. नेस बिनघोर."

भाऊबीजेच्या सकाळी किशोर आला. बायको तेजश्री, आरोही, सगळी. वनिताने पाट मांडला होता, भोवती रांगोळी. शर्ट आकाशी, बारीक रेघांचा, कापड बाजारातून स्वतः निवडून आणलेलं. किशोरने तो आतल्या खोलीत जाऊन घातला आणि बाहेर येताना हात मागे नेऊन मानेशी चाचपला. दर वर्षी चाचपायचा. पट्टी होती. आरोहीने नवा फ्रॉक घालून गिरकी घेतली. वनिताचं मन भरून आलं. म्हणाली, "बस रं पाटावर. दिवा विझंल."

कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळलं. किशोरने तबकात खोका ठेवला. दादरच्या मोठ्या दुकानाचा खोका, कोपरे जरा मऊ पडलेले.

"दादरवरून आनली, ताई. तेजश्रीनं पसंत केली."

तेजश्री एकदम आरोहीचे केस नीट करायला लागली. ते केस अगदी नीट होते.

वनिताने खोका उघडला. साडी जांभळी होती. हात लावला मात्र, तिच्या अंगावर काटा आला. तीच पाल. तिने पदर शोधला, उलटा केला. काठाजवळ चौकोनी ओळीत बारीक भोकं होती. कोणीतरी ब्लेडने घाईघाईने उसवलं होतं, एका जागी कापड विसकटलं होतं, आणि कोपऱ्यातली गाठ काही सुटली नव्हती. तिथे पिस्ता रंगाच्या दोऱ्याचा शेंडा अडकून राहिला होता.

तिचाच दोरा. तिचीच गाठ.

"आवडली ना?" किशोर म्हणाला.

फुकटची साडी आणली, याचं तिला काही नव्हतं. शेठकडे लागण्याआधी टेंपो चालवायचा तेव्हा एका भाऊबीजेला त्याने बाजारातून कंगवा आणला होता, तो अजून तिच्या फणेरपेटीत होता. पण याने बसून, ब्लेड घेऊन, शेठचं तोंड काढलं होतं आणि तिथे स्वतःचं लावलं होतं. बहिणीला काय कळणार, साडी म्हणजे साडी. आणि हे सगळं ओवाळणीच्या तबकात, दिव्याशेजारी. तिच्या तोंडात खरोखरच कडू पाणी सुटलं.

"मान खाली घाल," ती म्हणाली.

किशोरला वाटलं, आशीर्वाद. त्याने मान घातली. वनिताने मशीनवरचं ब्लेड उचललं, त्याची कॉलर वर केली आणि पट्टीचे टाके एकेक तोडायला लागली.

"ताई? काय करतेस? ताई, ब्लेड हाय ना हातात?"

"हलू नको. लागंल."

दशरथ उठून उभा राहिला आणि तसाच उभा राहिला. आतापर्यंत या बाईच्या हातातून काही काढून घेण्याची हिंमत त्याने केली नव्हती, आणि ब्लेड तर नाहीच. खोलीत फक्त दोरा तुटल्याचा बारीक आवाज येत होता. कापडाला ओरखडा उठला नाही, मानेला तर नाहीच. शेवटचा टाका तुटला आणि हिरवी पट्टी तिच्या बोटांत आली.

"झालं," ती म्हणाली. "आता शर्टाला पन भोकंच राहिली. तुज्या साडीवानी."

किशोरचा हात मानेमागे गेला. पहिल्यांदा त्याला कळलं नाही. मग तबकातल्या साडीचा उलटा पदर दिसला, त्यातला पिस्ता शेंडा दिसला, आणि त्याचा चेहरा उतरला. पण तो क्षणभरच. शेठच्या माणसांना चेहरा लगेच परत चढवायला शिकवतात.

"एका साडीवरून तू आईची पट्टी काडतेस? भाऊबीजेला?"

"साडीवरून नाय रं. साडी नाय आनलीस तरी चाललं असतं. 'ताई, आज काय नाय जमलं' म्हटला असतास, तर मी तुला दोनदा ओवाळला असता."

"लोक देवाला पन खोटं बोलतात, ताई."

"मंग जा देवाकडं. इथं कशाला पाटावर बसलास?"

"सांजचा मला स्टेजवर उभं रायचंय ह्याच शर्टात. सगळे इचारतात कुनी शिवला. मी तुजं नाव घेतो."

"घेऊ नको. माजं नाव पन ब्लेडनं काड. तुला जमतं."

किशोर उठला तो तबकाला पाय लागायचा राहिला. "तुला ना, ताई, कोनाचं चांगलं बघवत नाय," असं काहीतरी म्हणत तो चपला शोधायला लागला. तेजश्री उंबऱ्यात थांबली. एवढंच म्हणाली, "मी सांगितलं व्हतं त्यांना, वन्सं ओळखतील." वनिताने तिच्या हातात फराळाची पिशवी दिली. राग भावावर होता, करंज्यांवर नव्हता.

आरोही मात्र फ्रॉकची मान दोन्ही हातांनी घट्ट धरून भिंतीला चिकटून उभी होती.

"आत्या, माजं पन काडनार?"

वनिता खाली बसली. पोरीचे हात सोडवले, कॉलर सारखी केली. "तुजं नाय गं. तू काय केलंस?"

सगळी गेल्यावर वनिताने ती जांभळी साडी मशीनखाली सांडलेलं तेल पुसायला घेतली. तेल टिपेना. नुसतं इकडून तिकडे सरकत राहिलं. "पुसन्याच्या पन लायकीची नाय," म्हणून तिने ती कचऱ्याच्या डब्यात कोंबली आणि कोपरापर्यंत हात धुतले.

संध्याकाळी दहिवलीकडून भोंगा सुरू झाला. "तमाम भगिनींना विनंती, ओवाळून झाल्यावर ताटं आपापली ओळखून घ्यावीत." वनिताने मशीन उघडली. ट्रंकेतून आपला रोजचा ब्लाऊज काढला, उलटा केला, आणि किशोरच्या शर्टातून निघालेली पट्टी गळ्याच्या आत, मानेमागे ठेवून टीप मारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. उलटी मारून पक्की केली.

दशरथ दारात विडी न पेटवता धरून बसला होता. मग हळूच म्हणाला, "आन् किशोर आला परत, तर?"

"येऊ दे की. मी काय दार लावलंय?" तिने दोरा दाताने तोडला. "कापड आन म्हनावं, सवताच्या पैशाचं. शर्ट शिवीन. पट्टीचं मंग बघू."