मार्थाबाईंकडच्या ताटल्या

राजारामपुरीत आमच्या बोळात ख्रिस्ती घर एकच, मार्थाबाई समुद्रे यांचं. मिशनच्या दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. समोरच्या खोलीत मी. नाटक कंपनी मोडलेली, गळा बसलेला, आणि माझ्याही चुलीवर एकट्यापुरताच भात शिजायचा.

बाईंचा नाताळ गणपती गेले की सुरू व्हायचा. रेशनची साखर मूठमूठ करून डब्यात बाजूला पडायची. दिवाळीत घराघरांतून त्यांच्याकडे फराळाची ताटली यायची आणि ती परत जायची थेट नाताळाला, करंज्या-नानकटाईनं भरून. तोवर सगळ्या ताटल्या त्यांच्या फळीवर उभ्या. कुणाच्या ताटलीवर नाव कोरलेलं, कुणाचा काठ चेपलेला. बाई त्या पुसायच्या, आम्ही प्रयोगाआधी मुकुट पुसायचो तशा, जपून.

शहात्तर साली उन्हाळ्यात त्या पडल्या, मनगट मोडलं. हाड जुळलं, पण पीठ मळताना हात कापायचा. त्या दिवाळीला फराळ आला तो वर्तमानपत्राच्या पुड्यांतून. ताटली एकही नाही.

बाई माझ्या दारात आल्या. "मास्तर, माझं काही चुकलं का?"

"का हो?"

"सगळ्यांनी पुडीत दिलं. पुडी परत कशी करायची?"

मी गंगव्वाला गाठलं. बोळातल्या बायकांत तिचाच शब्द चालायचा.

"अवो, बाईंचा हात बघितलासा न्हवं?" ती म्हणाली. "ताटली दिली की भरून द्यायला बसनार. म्हनून आमी सगळ्यांनी ठरिवलं. वाईट केलं व्हय?"

"वाईट नाही. पण बाईंचा सण काढून घेतलात."

"तुमचं आपलं नाटकातलं बोलनं," असं म्हणून ती आत गेली.

मी दुकानातून चिवडा आणला, माझ्या ताटलीत ओतला आणि बाईंकडे नेला.

"दिवाळी होऊन गेली, मास्तर."

"माझी एन्ट्री पहिल्यापासून उशिराच."

"आणि चिवडा दुकानचा आहे."

"हो."

त्यांनी चिवडा डब्यात काढला, ताटली धुतली आणि फळीवर उभी केली. एकटीच.

नाताळाच्या सकाळी बाई मिशनच्या देवळातून आल्या आणि त्याच पांढऱ्या साडीत ताटली घेऊन बाहेर पडल्या. करंज्यांची रास रुमालाखाली मावत नव्हती. साखर साऱ्या बोळासाठी साठवलेली होती ना. कडा वेड्यावाकड्या, पण एकही फुटलेली नाही.

"मला एकट्याला एवढ्या?"

"दुसऱ्या कुणाची ताटलीच नाही घरात."

दरवर्षी त्यांची फेरी बोळाच्या टोकापर्यंत जायची. त्या वर्षी ती माझ्या उंबऱ्याशीच संपली. गंगव्वा दारात उभी होती, हाताला भाकरीचं पीठ तसंच. तिला काहीतरी बोलायचं होतं. बाईंनी तिला मान लववून नमस्कार केला, आपल्या घरात गेल्या आणि कडी लावून घेतली.